परदेशात ई-सिम वापरलं का? अनुभव सांगा

पऱ्हाटी :
काल शेजारच्या काकू आल्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला चालल्या आहेत. लेकीनं व्हॉट्सॲपवर एक काळं-पांढरं चौकोनी चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'आई, हे तुझं तिकडचं सिम.' काकू म्हणे, "बाई, सिम म्हणते आन् फोटू पाठवते. हे टाकू कुठून?"

त्यांचा प्रश्न बरोबरच होता. चित्र त्यांच्याच फोनात, मग त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं ते स्कॅन करणार कसं? मी ते माझ्या फोनवर मागवलं, त्यांचा कॅमेरा माझ्या स्क्रीनवर धरला, सेटिंगमधून 'ई-सिम जोडा' केलं. थोड्या वेळात, कार्ड न घालताच, त्यांच्या फोनात दुसरी लाईन आली. काकूंनी तिचं नाव स्वतः टाइप केलं : जर्मनी.

त्या गेल्यावर आई आठवली. भाऊ कतारला कामाला लागला तेव्हा आमच्या दारव्ह्यात एसटीडी बूथ होता. शुक्रवारी त्याची सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी आई बूथच्या बाकड्यावर जाऊन बसायची. फोन आला तर आला. नाही आला तर घरी येऊन कोणाशी बोलायची नाही. पुढं मी त्याच्याकडं गेले तेव्हा नागपूरहून दोहाच्या विमानात बसायच्या आधीच ई-सिम फोनात होतं. उतरल्याबरोबर आईला मेसेज गेला, भावाला लोकेशन गेलं.

आपल्या भागातून आता किती तरी लोक बाहेर जातात. कोणी लेकराकडं, कोणी हजला, कोणी शेतीच्या दौऱ्यावर. तुम्ही काय केलं, काय अडलं, ते लिहा. काकूंच्या कामी येईल.

संत्रावाला :
ताई, चांगला विषय. आम्ही वरुड-मोर्शीकडचे शेतकरी मिळून स्पेनला गेलो होतो, व्हॅलेन्सियाच्या बागा पाहायला. येताना फ्रान्स आणि स्वित्झर्लंड. मुलानं मला युरोपचं ई-सिम घेऊन दिलं. स्पेन, फ्रान्समध्ये एकदम मस्त चाललं, सीमा ओलांडली तरी काही करावं लागलं नाही. युरोपीय संघात २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न घेता चालवतात. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि आमच्या प्लॅनच्या यादीतही नव्हतं. तिथं हॉटेलच्या वायफायवर भागवलं. म्हणून काकूंना सांगा, 'युरोप' एवढं नाव वाचून घेऊ नका, खाली देशांची यादी असते ती वाचा. इंग्लंडही बऱ्याच वेळा वेगळं असते.

आमच्यातल्या एका भाऊंच्या फोनात भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग, म्हणजे परक्या नेटवर्कवरून इंटरनेट, चालू राहिलं होतं. फोन खिशातच, पण आतून फोटो अपलोड होत राहिले. घरी आल्यावर जे बिल आलं ते पाहून माणूस जेवला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, पण पॅक नसताना एवढे पैसे लावायचे म्हणजे लुटच आहे.

बाकी तिथल्या बागांबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल. आपण संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतो, त्यांच्याकडं कॅरिझोचा खुंट. मी बागेत उभा राहून बायकोला व्हिडिओ कॉल लावला, तिला खुंट दाखवला, बुडाशी माती कशी उतरती ठेवली ते दाखवलं. ती इकडं आमच्या बागेत उभी. या एका कॉलसाठी ते सिम वसूल झालं.

तिफन :
संत्रावाला भाऊ, झाडाले डिंक्या रोग नाई का तिकडं?

संत्रावाला :
आहे नं, पण कॅरिझो त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. पाणी बुंध्याला लागू देत नाहीत हे मुख्य. इथं नको, वेगळं लिहितो.

सातपुडा :
वाचतेय. मुलगा जानेवारीत निघतो आहे, उपयोगी धागा.

तिफन :
मले एक सांगा कोणी. नवीन सिम टाकलं का व्हॉट्सॲपचा नंबर बदलते का? माह्या साळ्याले हाच घोर लागला. साऱ्या गावाचे ग्रुप हायत त्याच्यात.

पऱ्हाटी :
नाही बदलत भाऊ. प्रवासाचं ई-सिम बहुतेक फक्त इंटरनेटचं असतं, त्याला फोन नंबरच नसतो. व्हॉट्सॲप जुन्या नंबरवरच राहतं, फक्त इंटरनेट नव्या लाईनचं वापरतं. मध्येच 'नंबर बदलायचा का' असं विचारलं तर नाही म्हणायचं.

वैनगंगाकाठ :
आम्ही ब्रह्मपुरीहून लुंबिनीला गेलो होतो, गोरखपूर, सोनौली करत. सगळे उपासक-उपासिका, बरेच जण साठीच्या पुढचे. सीमा ओलांडली की आपलं सिम मुकं झालं. दोघांच्या फोनात ई-सिम होतं, बाकीच्यांच्या फोनात ती सोयच नव्हती. हे आधी कोणी पाहिलंच नव्हतं. ट्रॅव्हल्सवाल्यानं सगळ्यांना सरसकट सांगितलं होतं, ई-सिम घ्या म्हणून.

तर पैसे भरण्याआधी प्रत्येकानं फोनवर *#०६# दाबा. आयएमईआयच्या सोबत 'ईआयडी' म्हणून बत्तीस आकडी लांब नंबर दिसला तर बहुतेक तुमच्या फोनात ई-सिम बसतं. नाही दिसला तर तिथलं साधं सिम घ्यायचं. स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत ही सोय नाही. मग नेपाळमध्ये ओळखपत्र दाखवून साधं सिम घेतलं आणि हॉटस्पॉटवर पाच-सहा म्हाताऱ्या चालवल्या.

मायादेवी मंदिरापाशी आमच्या एका आजींनी घरी व्हिडिओ कॉल केला. इकडं घरात सगळे उभे राहून हात जोडून बघत होते. आजींचे मालक १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, तरुण पोरगा होते तेव्हा. त्यांना लुंबिनी बघायची होती, राहून गेली. आजी फोनला म्हणत होत्या, "पाहा, पाहा, मी आली इथं."

सातपुडा :
डोळ्यात पाणी आलं. जय भीम, नमो बुद्धाय.

काटेपूर्णा :
अम्मी-अब्बू हजला गेले तेव्हा नागपूरवरूनच विमान होतं. तेव्हा तिथलं साधं सिम घेतलं होतं. उमऱ्याला मात्र मी सोबत होते, तेव्हा माझ्या फोनात ई-सिम आणि त्या दोघांना हॉटस्पॉट. एक गोष्ट लक्षात ठेवा, काही 'अमर्याद' प्लॅनमध्ये हॉटस्पॉट बंद असतो. घेताना ते बघा. आणि अमर्याद म्हणजे काय, तर रोजचा ठराविक डेटा संपला की वेग इतका पडतो की नकाशाही उघडत नाही.

गर्दीत अब्बू मागं राहिले होते. लाईव्ह लोकेशन चालू होतं म्हणून सापडले. तोपर्यंत अम्मीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले. तेव्हापासून घरातलं कोणीही बाहेरगावी निघालं की मी आधी लोकेशन चालू करायला लावते, मग ते शेगावला का निघालेले असेनात.

दुबईला जाणाऱ्यांसाठी : तिथं व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. नेट खराब आहे असं वाटून सिम काढू-घालू नका.

पुसदकर बाबा :
माझी मुलगी आयर्लंडला एम.एस.ला आहे. अनुभव जरा वेगळा आहे. पहिल्या दिवसांसाठी ई-सिम ठीक, पण शिकायला जाणाऱ्यानं तिथला नंबर असलेलं सिम लवकर घ्यावं. घरमालक स्थानिक नंबर मागतो, बँक मागते, अर्धवेळ काम देणारा मागतो. नुसत्या डेटाच्या सिमवर ते होत नाही.

आणि इकडचा नंबर बंद पडू देऊ नका. शिक्षणकर्जाचा ओटीपी, आधारचा ओटीपी सगळं त्याच नंबरवर येतं. निघण्यापूर्वी आपल्या कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, ओटीपीचा मेसेज यायला किती पैसे लागतात तेही विचारा. बहुतेक ठिकाणी मेसेज यायला काही लागत नाही, आलेला फोन उचलला तर मात्र लागतात. रिचार्जची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवतो. लेकीच्या परीक्षेची तारीख त्याच्याच खाली.

वैनगंगाकाठ :
आधारवरून आठवलं. आमच्या मामांचं पीएम-किसानचं केवायसी ते मुलाकडं सिंगापूरला असताना अडलं होतं. ओटीपी त्यांच्या नंबरवर, नंबर सिंगापूरला, सेतू केंद्रावर भाचा उभा. मामांनी तिकडून फोनवर आकडे सांगितले आणि काम झालं. जुनी लाईन चालू होती म्हणून.

खारपाण :
इथं एक लिहायचं होतं. लिहू का नको, दोन दिवस झाले विचार करतोय.

मी कामानिमित्त जपानला होतो. इंटरनेट ई-सिमचं, आणि दर्यापूरचा माझा जुना नंबर तसाच चालू. सोबतचे म्हणायचे, तो बंद करून टाक, बॅटरी जाते. मी केला नाही. एका रात्री अडीच वाजता तो वाजला. व्हॉट्सॲप नाही, साधा फोन. घरी त्या दिवशी लाईट नव्हती, पाऊस होता, मोबाईलचं नेट गेलेलं. मोठ्या भावानं साधाच कॉल लावला होता. म्हणे, "बाबांचं काही खरं नाही, बोलून घे."

भावानं फोन बाबांच्या कानाला लावला. ते बोलू शकत नव्हते. श्वास ऐकू येत होता. मी बोलत राहिलो, शेतातल्या पऱ्हाटीचं, विहिरीचं, नातवाचं. पहाटे ते गेले. विमान कितीही लवकर पकडलं असतं तरी मला ते शब्द सांगता आले नसते.

म्हणून कोणी म्हणालं ना, ई-सिम आहे तर जुनं सिम काढून घरी ठेवून दे, तर ऐकू नका. ई-सिमचा मोठा फायदा हाच आहे की जुनं सिम काढावं लागत नाही. इंटरनेट नव्यावर, नंबर जुनाच. डेटा रोमिंग जुन्यावर बंद, लाईन मात्र चालू. त्या फोनला मिनिटाला जे लागले ते लागले.

पऱ्हाटी :
भाऊ, काय लिहू. बाबांना ऐकू गेलंच असेल.

तिफन :
भावा, माया बाप बी असाच गेला. मी त सुरतले होतो. तुमी बोलले, हे लय मोठं झालं.

काटेपूर्णा :
अल्लाह त्यांना जन्नत देवो. तुम्ही लिहिलंत, बरं केलं.

संत्रावाला :
खारपाण भाऊ, नमस्कार. घरी सांगतो सगळ्यांना, जुनी लाईन बंद करायची नाही.

बेंबळाकाठ :
उशिरा आले, पण एक माहिती देते. जावयांनी अमेरिकेतून आयफोन १४ पाठवला. त्याला सिम घालायची खाचच नाही, तिकडचे तसेच येतात. आमचं साधं सिम मग ई-सिम करावं लागलं. यवतमाळला कंपनीच्या दुकानात गेलो, आधार दाखवलं, झालं. पण सिम बदललं की पहिले चोवीस तास मेसेज बंद असतात. फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियम आहे. म्हणजे ओटीपी नाही. निघायच्या आदल्या दिवशी हे करू नका, आठ दिवस आधी करा.

दुसरं : गावातल्या मोबाईल दुकानात फोन 'हँग होतो' म्हणून दिला होता आमच्या नणंदेनं. त्यानं सरळ रिसेट मारला, आणि 'ई-सिम पुसायचं का' विचारलं तिथं हो केलं. तिकडचं सिम गेलं. तेच चित्र पुन्हा स्कॅन केलं तर चालेना, बहुतेक एकदाच चालतं ते. कंपनीला ईमेल करून नवीन मागवावं लागलं. मुलाला सांगून ठेवलंय, जाऊन येईपर्यंत फोन दुकानात द्यायचा नाही.

सातपुडा :
पऱ्हाटी ताई, ई-सिम घरूनच टाकायचं का तिथं जाऊन?

पऱ्हाटी :
घरूनच. टाकायला इंटरनेट लागतं आणि विमानतळावरचं वायफाय कधी कधी भारतीय नंबरवर ओटीपी मागतं. फक्त दिवस कधीपासून मोजतात ते वाचून घ्या. काहींचे टाकल्यापासून, काहींचे तिथलं नेटवर्क पकडल्यापासून. उतरल्यावर मोबाईल डेटा नव्या लाईनवर आणायचा आणि *त्या* लाईनचं डेटा रोमिंग चालू करायचं. सिग्नल दिसतो पण नेट चालत नाही, असं झालं तर बहुतेक हेच राहिलेलं असतं. आणि नकाशा, मराठीचं भाषांतर आधीच फोनात उतरवून ठेवा, नेट नसलं तरी चालतात. काकूंना मी जर्मन-मराठी उतरवून दिलं.

बेंबळाकाठ :
काकू बाळंतपणाचं काय काय नेणार? तूप नेऊ देऊ नका बरं, दूधदुभत्याचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत.

पऱ्हाटी :
अगं तेच तर, त्यांनी लाडू करायचं ठरवलं होतं. आता डिंक, खारीक, खोबरं, हळीव वेगळं बांधून नेतील आणि लोणी तिथलं कढवतील. डिंक चांगला मिळत नाहीये इथं.

सातपुडा :
धावड्याचा हवा ना? मेळघाटातला येतो आमच्याकडं परतवाड्यात. काकू कधी निघतात सांगा, भाऊ गुरुवारी यवतमाळला येतोय, त्याच्याजवळ देते.