'रोमिंग'ला घरगुती शब्द कोणता? हस्तांतरण, खांदेपालट, सांधेबदल…

शनिवार पेठ, सातारा: आमचं घर जुनं, दगडी भिंती दीड हात जाड. खाली वायफायचा राउटर, माडीवर दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच. जिना चढताना फोननं खालचा सोडून वरचा धरायचा असतो. घरच्यांसाठी पानभर सूचना लिहिल्या, त्यात या क्रियेला 'हस्तांतरण' म्हटलं. आत्यानं वाचलं आणि काळजीनं विचारलं, "घर कुणाच्या नावावर करताय?" 'रोमिंग' लिहिलं तर घरच्यांना जादा बिल आठवतं. शब्द सुचवा. शिवाय फोन एका कांडीच्या रेंजवरही खालच्यालाच धरून बसतो, त्याला चिकट म्हणायचं की चिवट?

कराड: खांदेपालट! यात्रेत पालखी वाहिली असेल तर कळेल. दमलेला खांदा काढायच्या आधी दुसऱ्याचा खांदा दांडीखाली आलेला असतो. पालखी टेकत नाही, तसा कॉल तुटत नाही.

वाई: सुंदर शब्द, पण इथे बसत नाही. वायफायमध्ये फोन सहसा आधी जुना सोडतो, मग नवा धरतो. क्षणभर पालखी अधांतरीच असते. आणि इथे खांदा पालखीच निवडते. वायफायचे काही ठरलेले नियम (मानकं) आहेत: 802.11k मुळे फोनला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटांची यादी मिळते, 802.11v मधून 'तिकडे जा' अशी सूचना मिळते, 802.11r मुळे नव्या ठिकाणची ओळखपाळख झटपट उरकते. पण जायचं की नाही हे फोन ठरवतो. आयफोन तर सिग्नल साधारण उणे 70 डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं एकक) खाली उतरल्याशिवाय दुसरा शोधतच नाही. कुणी कुणाला काही सोपवत नाही, म्हणून 'हस्तांतरण' मुळातच चूक.

मिरज: मग 'सांधा बदलणे' घ्या. माझे आजोबा रेल्वेत सांधेवाले. मिरजेत तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीची नॅरोगेज, तिन्ही. गाडी सांधा बदलताना खडखडते, उभा माणूस दांडा धरतो, पण प्रवास मोडत नाही. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरून 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाणं म्हणजे रूळ बदलणंच.

कराड: पण सांधा गाडी बदलत नाही, तुमचे आजोबा बदलायचे. वाईकरांचा आक्षेप तुम्हालाही लागू.

सांगली, विश्रामबाग: नवा शब्द घडवायला एवढा संकोच का? विश्वकोशाचं काम वाईत चाललं ना? सावरकरांचा 'महापौर' आज कुणाला खटकतो? 'संपर्कांतर' म्हणा, वापरा, रुळेल.

मिरज: 'महापौर' रुळला, पण 'दूरध्वनी' पाटीवरच राहिला. फोन वाजला की सगळे 'फोन'च म्हणतात. शब्द जिभेवर बसला पाहिजे.

शनिवार पेठ, सातारा: सगळे शब्द आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "फोननं वरचं धरलं, एवढं लिही की." सूचनांमध्ये तेच लिहिलं. खालच्या राउटरची 2.4 ची ताकदही कमी केली. आता जिन्याच्या वळणावर फोन वरचं धरतो. चिकट-चिवट मात्र राहिलं.

तासगाव: 'धरणं' हेच खरं. आम्ही रात्री उसाला दारं धरतो. एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं, पुढचीचं फोडायचं. पाणी तेच, पाटही तोच.

वाई: दारं की बारं? माझ्या आजोळी 'बारं' म्हणायचे.

तासगाव: आमच्याकडे दारंच. आजोळ कुठलं तुमचं?