अनुभव धागा : प्रोसेसरचा कूलर बसवणे आणि पारखणे

उन्हाळा तोंडावर आला की ‘संगणकाच्या प्रोसेसरवर कोणता कूलर घ्यावा’ अशी विचारणा हमखास सुरू होते. उत्तरादाखल मिळणारे आकडे मात्र बहुधा निरुपयोगी असतात, कारण ‘माझा प्रोसेसर ७० अंशांवर चालतो’ असे सांगणारा माणूस खोलीत तेव्हा किती तापमान होते, प्रोसेसर किती वॅट वीज घेत होता आणि भार (म्हणजे सतत जड काम) किती वेळ दिला होता, यांपैकी काहीच सांगत नाही. म्हणून या धाग्यात आपल्या गावाच्या नावाखाली आपापला अनुभव लिहिताना या तीन गोष्टी कृपया नोंदवाव्यात. बसवताना काही चुकले असेल तर तेही लिहावे, कारण दोन कूलरांमधल्या फरकापेक्षा नीट आणि अर्धवट बसवलेल्या एकाच कूलरमधला फरक अनेकदा मोठा असतो.

आरंभ मीच करतो. माझ्याकडे सहा कोअरचा (म्हणजे सहा गणनकेंद्रांचा), ६५ वॅटचा प्रोसेसर आहे आणि त्याच्यासोबत आलेला अ‍ॅल्युमिनियमचा बुटका कूलर दोन वर्षे वापरात होता. खोली २९ अंशांवर असताना सर्व कोअरांवर अर्धा तास भार दिला, तेव्हा तापमान ८४ अंशांवर स्थिरावले. त्याच्या जागी चार हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उभा कूलर बसवल्यावर, खोली ३० अंशांवर असताना, तेच तापमान ६२ आले. म्हणजे खोलीपेक्षा असलेला चढ ५५ अंशांवरून ३२ वर उतरला. भार अर्धा तास द्यावा असे मी आग्रहाने म्हणतो, कारण धातू आणि कॅबिनेटमधली हवा पुरती तापायला वेळ लागतो. दोन मिनिटांच्या चाचणीत जड कूलर आहे त्यापेक्षा चांगला भासतो.

नागपूर

आमच्याकडे कूलर म्हटले की वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो, आणि प्रोसेसरच्या कूलरचे काम त्याहून वेगळे आहे हे घरी समजावून सांगावे लागते. पाण्याचा कूलर बाष्पीभवनामुळे बाहेरच्यापेक्षा थंड हवा देऊ शकतो. प्रोसेसरवरचा हवेचा कूलर कितीही महाग असला तरी प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली आणू शकत नाही.

हे मी एकाच यंत्रावर मोजून पाहिले आहे. माझा आठ कोअरचा प्रोसेसर पूर्ण भारावर सुमारे १२० वॅट घेतो आणि त्यावर सहा हीट पाइपांचा, दोन पंख्यांचा कूलर आहे. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना प्रोसेसर ६३ अंशांवर होता. मे महिन्यात, बाहेर पारा ४४ च्या पुढे गेलेला आणि खोली ३८ अंशांवर असताना, त्याच भाराखाली ७९ अंश दिसले. दोन्ही वेळा चढ ४१ अंशांचाच होता, म्हणजे कूलर बिघडला नव्हता आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामध्ये लावलेली, उष्णता वाहून नेणारी पेस्टही वाळली नव्हती. हे वजाबाकीचे गणित ठाऊक नसल्यामुळे आदल्या वर्षी मी विनाकारण कूलर काढून पेस्ट पुन्हा लावली होती. वीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत घेतलेल्या परदेशी चाचण्या वाचताना आमच्या भागातल्या वाचकांनी त्या आकड्यांत सरळ पंधरा ते अठरा अंश मिळवावेत आणि मगच निर्णय घ्यावा.

ठाणे

माझा अनुभव इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जुन्या यंत्राचा आहे. त्याचा कूलर चार प्लास्टिकच्या पुश पिनांवर बसतो आणि खरी अडचण तिथेच आहे. साफसफाईनंतर मी कूलर परत बसवला, चारही पिना दाबल्या, ‘टक्’ असा आवाज ऐकला आणि कॅबिनेट बंद केले. संगणक सुरू झाला, परंतु थोडेसे काम देताच तापमान १०० अंशांना भिडून त्याचा वेग कमी होऊ लागला. एक पिन भोकात पूर्ण उतरलीच नव्हती, त्यामुळे कूलर एका कोपऱ्यात किंचित उचललेला राहिला होता.

तेव्हापासून मी मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढूनच हा कूलर बसवते. पिनांच्या डोक्यावरचा बाण पिन सोडवण्याची दिशा दाखवतो, म्हणून बसवण्याआधी चारही पिना बाणाच्या उलट फिरवून ठेवाव्या लागतात. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीजोडीने दाबायच्या आणि शेवटी मदरबोर्ड उलटा करून प्रत्येक भोकातून पांढरे पाय फाकून बाहेर आले आहेत का, हे पाहायचे. आवाजावर विसंबू नये, डोळ्यांनी खात्री करावी.

रत्नागिरी

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांसाठी एक कळकळीची सूचना. या सॉकेटात पिना प्रोसेसरला असतात आणि त्याला वरून दाबून धरणारी चौकट नसते. चार वर्षांनी कूलर सरळ वर ओढला, तेव्हा वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून आला आणि कडेच्या तीन पिना वाकल्या. पातळ पात्याने त्या सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तिन्ही वाचल्या, हे माझे भाग्य. आता मी आधी पंधरा मिनिटे भार देऊन पेस्ट ऊबदार करतो, संगणक बंद करून वीज तोडतो आणि कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवत सुटा करतो. त्यानंतरच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटात आहेत आणि प्रोसेसर चौकटीने दाबलेला असतो, त्यामुळे तिथे हा धोका उरलेला नाही.

बंगळुरू

मी दोन कूलर एकाच यंत्रावर, पंख्यांचा वेग सारखा ठेवून आणि खोली २६ अंशांवर असताना ताडून पाहिले. एक चार हीट पाइपांचा, एका मनोऱ्याचा (म्हणजे धातूच्या पात्यांच्या एका उभ्या गठ्ठ्याचा). दुसरा नोक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५, म्हणजे दोन मनोरे, सहा हीट पाइप आणि १४० मिलिमीटरचे दोन पंखे. प्रोसेसरची वीजमर्यादा ६५ वॅट ठेवली तेव्हा दोहोंत जेमतेम तीन अंशांचा फरक पडला. मर्यादा १६० वॅट केली तेव्हा तो अकरा अंशांवर गेला. साधा प्रोसेसर वापरणाऱ्याने मोठ्या कूलरवर खर्च केलेले पैसे तापमानात फारसे दिसत नाहीत; आवाज कमी होणे हा लाभ मात्र खरा आहे.

मोठ्या कूलरच्या मोजमापांकडे मी आधी दुर्लक्ष केले होते. त्याची उंची १६५ मिलिमीटर आहे आणि माझ्या तेव्हाच्या कॅबिनेटमध्ये जागा होती १६० ची. शिवाय पुढच्या पंख्याखाली रॅमला फक्त ३२ मिलिमीटर मिळतात; रॅम उंच असेल तर पंखा वर सरकवावा लागतो आणि एकूण उंची आणखी वाढते. दोन पंख्यांसह त्याचे वजन १३२० ग्रॅम आहे. घर बदलताना एवढे वजन मदरबोर्डवर लटकत ठेवून संगणक ट्रकमधून पाठवू नये. मी कूलर काढून वेगळा बांधला होता.

कोल्हापूर

शाळेच्या प्रयोगशाळेतील वीस संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत आम्ही सर्व कूलर ब्लोअरने झाडतो. झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. एका यंत्राच्या कूलरवर तळाचे पारदर्शक प्लास्टिक तसेच राहिलेले आढळले. ते सोलून, पेस्ट लावून बसवल्यावर त्याच भाराला बावीस अंश कमी झाले. दुसऱ्या एका यंत्रात पंखाच उलटा लावलेला होता. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, आणि ती बाजू कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे हवी.

छत्रपती संभाजीनगर

जुना कूलर नव्या प्रोसेसरवर चालेल का, हे विचारणाऱ्यांसाठी लिहीत आहे. एलजीए ११५१ आणि १२०० या सॉकेटांत कूलर बसवायच्या भोकांमधले अंतर ७५ मिलिमीटर होते. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० मध्ये ते ७८ झाले आणि प्रोसेसरचा माथाही किंचित खाली गेला. जुनी पट्टी ओढूनताणून बसवली तरी दाब कमी पडतो. मी कूलरच्या उत्पादकाकडून नव्या सॉकेटचा जोडसंच मागवला, तो येईपर्यंत नवा प्रोसेसर तीन आठवडे खोक्यातच ठेवला आणि संच आल्यावर प्रत्येक स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे आवळत कूलर बसवला. खोली ३१ अंश, भार ११० वॅट, वेळ अर्धा तास, तापमान ७१.