'डिसइंटरेस्टेड' म्हणजे तटस्थ की उदासीन?

दांडिया बाजार:
आमच्या सोसायटीच्या इंग्रजी सूचनेत हिशेब तपासण्यासाठी 'डिसइंटरेस्टेड' सभासद हवा असल्याचे लिहिले होते. ज्याला कामात रसच नाही त्याच्या हाती वह्या का सोपवायच्या, असा आक्षेप सभेत एका गृहस्थांनी घेतला आणि तो अनेकांना पटला. माझ्या मते या शब्दाचा अर्थ 'ज्याचे हितसंबंध गुंतलेले नाहीत असा' एवढाच धरावा. रस नसलेल्यासाठी 'अनइंटरेस्टेड' आहेच. इंग्रजीत 'इंटरेस्ट'चा जुना अर्थ हक्क किंवा वाटा असाच होता, आवड हा अर्थ मागाहून चिकटला.

रावपुरा:
असहमत. इतिहासाचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा. ऑक्सफर्ड कोशातील नोंदी पाहिल्या, तर 17व्या शतकात कवी जॉन डन यांच्या गद्यात 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' या अर्थाने येतो आणि त्याच शतकात 'अनइंटरेस्टेड' निःपक्षपाती या अर्थाने आढळतो. अदलाबदल नंतर झाली. आपल्याकडेही गीतेच्या सहाव्या अध्यायातील 'सुहृन्मित्रार्युदासीन' या श्लोकात उदासीन म्हणजे दोन्ही पक्षांपासून अलिप्त राहणारा. आज मात्र उदासीन म्हटले की खिन्न किंवा बेफिकीर माणूसच डोळ्यांपुढे येतो, आणि असे लिहिणाऱ्याला आपण चुकीचे ठरवत नाही.

कारेलीबाग:
दाखला उत्तम आहे, परंतु मला त्यातून उलटे दिसते. 'उदासीन' सरकला तेव्हा मराठीत तटस्थ, निःपक्ष, निरपेक्ष हे शब्द हाताशी होते. इंग्रजीत 'इम्पार्शल' आहे खरा, पण तो मनाच्या समतोलाविषयी बोलतो. सोसायटीच्या रंगकामाचा ठेका तपासनिसाच्या मेहुण्याकडे असेल, तर तपासनीस स्वभावाने कितीही न्यायी असो, त्याला 'इम्पार्शल' म्हणता येईल, 'डिसइंटरेस्टेड' म्हणता येणार नाही. कंपनी कायद्यातल्या 'इंटरेस्टेड' संचालकाचा अर्थ उत्साही संचालक असा कोणी करत नाही. व्यवहारात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे तो, हे सर्वांना कळते. हा भेद पुसला तर नुकसान सामान्य सभासदाचेच आहे.

रावपुरा:
कायद्याच्या कागदात हा भेद जपावा, याला माझी हरकत नाही. परंतु सूचना वकिलांसाठी नव्हे, सभासदांसाठी लावली होती. वाचणारे अर्धे लोक एक अर्थ घेतात आणि उरलेले दुसरा, हे ठाऊक असताना तोच शब्द वापरण्याचा आग्रह मला पटत नाही.

दांडिया बाजार:
सूचनेपुरते मान्य, पुढची सूचना मराठी आणि गुजरातीत काढून 'ज्याचा ठेकेदाराशी संबंध नाही असा सभासद' असे स्वच्छ लिहिण्याचा आग्रह मी धरीन. मात्र मुलांना इंग्रजी शिकवताना दोन्ही शब्द एकाच अर्थाचे म्हणून सांगण्यास माझा विरोध कायम आहे.