मदत हवी आहे: एमसीएफ-७ पेशी मॅट्रिजेलमधून आरपार कशा जाऊन राहिल्या?

प्रयोगवही
तातडीचं आहे, मंगळवारी गाईडना आकडे द्यायचेत. एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या, सहसा न घुसणाऱ्या पेशी) आणि एमडीए-एमबी-२३१ (त्याच कर्करोगाच्या, घुसखोर) वर ट्रान्सवेल इन्व्हेजन लावलं, म्हणजे छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा थर देऊन पेशी तो भेदून खाली उतरतात का ते पाहिलं. प्रोटोकॉल नेहमीचाच. २३१ खाली उतरल्या, ते ठीक. पण एमसीएफ-७ सुद्धा जवळपास तेवढ्याच! ई-कॅडहेरिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाने एकमेकींना धरून बसणाऱ्या पेशी सुटल्या कशा? पेशींची लाइन (वाण) बदलू का? चारच इन्सर्ट (पडद्याचे छोटे कप) उरलेत.

काळी_माती
नेहमीचा म्हणजे कोणाचा नेहमीचा, भाऊ? पेशी किती, जेल किती, पेशी सोडवणारं ट्रिप्सिन किती मिनिटं, प्रयोग किती तास, आणि तुलनेसाठी मॅट्रिजेल नसलेला कंट्रोल कुठाय?

प्रयोगवही
५०,००० पेशी, ८ मायक्रॉनची छिद्रं, ४८ तास. वर सीरमशिवाय, खाली १० टक्के एफबीएस (वासराचं सीरम). एमसीएफ-७ चे गठ्ठे सुटत नव्हते म्हणून ट्रिप्सिन-ईडीटीए १५ मिनिटं. कंट्रोल नाही, इन्सर्ट महाग पडतात.

पऱ्हाटी
१५ मिनिटं! तिथंच घोळ. ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कॅल्शियममुळे ताठ राहतो. ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं आणि ट्रिप्सिन उघडं पडलेलं कॅडहेरिन कापतं. कॅल्शियम असलं तर तेच ट्रिप्सिन त्याला फारसं कापू शकत नाही. कॅल्शियमविरहित पीबीएसने (फॉस्फेटचं खारं बफर) दोनदा धुवा, ट्रिप्सिन ३ मिनिटं, लगेच सीरमचं मीडियम घालून थांबवा. गठ्ठे राहिले तर ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. आणि कॅल्शियम घालून ट्रिप्सिन करायचंच असेल तर हेपीस बफरमध्ये, पीबीएसमध्ये घातलं की फॉस्फेटबरोबर साका बसतो.

काळी_माती
पऱ्हाटी, रसायन बरोबर, निदान चूक. कापलेलं कॅडहेरिन पेशी काही तासांत नवं बनवते, प्रयोग ४८ तासांचा आहे. आणि शेजारणीचा हात सुटला म्हणून कोणी भिंत फोडत नाही. जेल कापायला प्रोटिएज (प्रथिनं कापणारी विकरं) लागतात. मला जेलवरच संशय आहे.

गोलगोळा
ट्रान्सवेल सोडा, स्फेरॉइड (पेशींचा गोळा) करा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये दीड टक्का अगारोज ५० मायक्रोलिटर, वरून १,००० पेशी, तीन दिवसांनी गोळा कोलॅजन-१ मध्ये बसवा. २३१ चा गोळा सैल होतो, त्याला अडीच टक्के मॅट्रिजेल लागतं.

काळी_माती
त्यानं विचारलं काय, तुम्ही सांगून राहिले काय! मंगळवार आहे बाप्पा.

ओरखडा
साधा स्क्रॅच, म्हणजे पेशींच्या थरावर ओरखडा, चालेल ना? २०० मायक्रोलिटरची टिप, बस.

पऱ्हाटी
स्क्रॅचमध्ये भेदायला काहीच नसतं. ते स्थलांतर, आक्रमण नाही. त्यातही पेशींची वाढ थांबवणारं मायटोमायसिन दिलं नाही तर पेशी वाढून भेग बुजवतात.

स्लाइडवाली
मूळ गृहीतकावर बोलते. ई-कॅडहेरिन म्हणजे ब्रेक, तो गेला की पेशी पळाली, एवढं सरळ नाही. स्तनाच्या लोब्युलर (दूधग्रंथींच्या) कर्करोगात ते नसतं, पेशी एकेरी रांगेत शिरताना दिसतात, खरं. पण डक्टल (दूधनलिकांच्या) कर्करोगांत बहुतेक वेळा ते शाबूत असतं आणि तरी काखेतल्या गाठींत झुपकेच्या झुपके सापडतात. २०१९ मध्ये उंदरांवर दिसलं की ई-कॅडहेरिन काढल्यावर पेशी आजूबाजूला जास्त घुसतात, पण वाटेत मरतातही जास्त आणि दूरच्या अवयवात कमी रुजतात. शिवाय मॅट्रिक्सवरची (पेशींभोवतीच्या जाळ्यावरची) पकड इंटेग्रिन या प्रथिनांची. ती फार सैल असली तर पेशीला जोर लावता येत नाही, फार घट्ट असली तर मागचा पाय सुटत नाही. वेग मध्ये कुठेतरी सर्वांत जास्त.

खर्राबंद
ताई, आमच्याकडे म्हणतात गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. मग तपासायचं काहून?

स्लाइडवाली
सुईच्या वाटेत पेशी सांडणं दुर्मीळ. त्या भीतीनं सहा महिने घरी बसणं जास्त घातक. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्याच्या तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर आधी ते दाखवा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर.

काळी_माती
मुद्द्यावर. जेल कसं आलं, कसं वितळवलं, कुठं ओतलं?

प्रयोगवही
नागपूरहून थर्मोकोलच्या डब्यात आलं, बर्फ वितळलेला होता. फ्रीजमध्ये ठेवलं. दुपारी दोनला ओतलं. लोडशेडिंग होतं, पंखापण बंद.

काळी_माती
मे महिन्यात, दुपारी दोनला! मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की धरायला, म्हणजे घट्ट व्हायला लागतं. तुमचं टिपमध्येच धरलं असणार. मग इन्सर्टवर गाठी पडतात, मध्ये उघडी जागा. एक रात्र ४ अंशांवर बर्फात वितळवा. टिप्स, प्लेट, मीडियम आदल्या रात्रीच थंड करा. सीरमशिवायच्या गार मीडियममध्ये २५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर, बुडबुडा नको, मग ३७ ला दोन तास. हे सकाळी सहाला. आणखी एक: इनक्युबेटर फक्त गरम करतं, थंड नाही. खोली ४० ला गेली तर आतलं ३७ वर राहत नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

पऱ्हाटी
वरची बाजू कापसाने पुसली होती ना? की रंगानं जांभळी झालेली छिद्रंच पेशी म्हणून मोजली?

प्रयोगवही
पुसली. आता परत पाहिलं. २३१ सगळीकडे सारख्या आहेत. एमसीएफ-७ चार-पाच जागी झुपक्यांनी, बाकी पडदा कोरा.

काळी_माती
मग त्या घुसल्या नाहीत, वाट उघडी होती. लाइन बदलू नका. चार इन्सर्टमध्ये दोन्ही लाइन, प्रत्येकी एक जेलसह, एक जेलशिवाय. रेप्लिकेट (तोच प्रयोग पुन्हा) नाही, म्हणून हे आकडे लिहू नका. जेल धरलं का एवढंच पाहा.

प्रयोगवही
सहाला चौकीदार गेट उघडत नाही. बोलून बघतो.