'महापौर', 'नगरपाल' आणि 'व्हेटो' : क्लीव्हलँडच्या निमित्ताने

प्रश्न : ग्रोव्हर क्लीव्हलँडवर लेख लिहितेय. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्याआधी तो 1882 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहराचा मेयर होता, आणि 1871 ते 1873 ईरी काउंटीचा (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) शेरीफ. 'महापौर' आणि 'नगरपाल' लिहिलं तर चालेल ना?

— 'महापौर' चालेल, पण एक वाक्य खर्च करा. मुंबईत कारभाराची सत्ता 1888च्या कायद्याने आयुक्तांकडे आहे, महापौर सभागृह चालवतात. बफलोच्या मेयरला नगरसभेने मंजूर केलेला ठराव अडवता येत होता. वाचकाला हे आधी कळलं नाही तर पुढची गोष्टच कळणार नाही.

— 'नगरपाल' मात्र नकोच. मुंबईत ते निव्वळ मानाचं पद; अमेरिकेतला शेरीफ म्हणजे काउंटीचा कायदा-सुव्यवस्था सांभाळणारा अधिकारी. क्लीव्हलँडने शेरीफ असताना दोन खुन्यांच्या फाशीचा खटका स्वतः ओढला. दहा डॉलर देऊन हाताखालच्या माणसाकडून ते करवून घेता आलं असतं. विरोधक पुढे त्याला 'बफलोचा जल्लाद' म्हणत. 'शेरीफ'च ठेवा.

प्रश्नकर्ती : आणि ठराव अडवण्यावरून पडलेल्या त्याच्या 'व्हेटो मेयर' या टोपणनावाचं काय करू? पेपरात 'व्हेटो'ला 'नकाराधिकार' वाचते.

— अधिकाराचं नाव म्हणून ठीक, क्रियापदाला जड. 'ठराव फेटाळला'ही चुकीचं, फेटाळते ती सभा. क्लीव्हलँडने कारणं लिहून ठराव परत पाठवला. रस्ते झाडण्याचं पाच वर्षांचं कंत्राट सभेने 4,22,500 डॉलरना दिलं होतं, सुमारे लाख डॉलरनी कमी रकमेची निविदा समोर असताना! लोकांशी दगाबाजी करणारी निर्लज्ज योजना, असं त्याने लेखी सुनावलं. सभा नमली, काम स्वस्त निविदेला गेलं. त्याच वर्षी तो न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदावर निवडून आला.

— 'नकारघंटा महापौर' कसं वाटतं?

— गंमत आहे, पण अर्थ उलटतो. नकारघंटा वाजवणारा माणूस कुरकुऱ्या. 'व्हेटो मेयर' हे कौतुक होतं. मी तरी टोपणनाव तसंच ठेवेन.

— एक भर. राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या कारकिर्दीत त्याने 414 विधेयकं अडवली, बरीचशी माजी सैनिकांच्या खासगी पेन्शनची. तिथे सरसकट 'परत पाठवली' लिहू नका. काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, अधिवेशन संपेपर्यंत सही न करता काही तशीच ठेवली, त्याला 'पॉकेट व्हेटो' म्हणतात. 'खिशात घातली' लिहिलंत तर मराठीत भलताच अर्थ होईल. 'बासनात गुंडाळली' चपखल बसतं.