मूकपट की संवादविरहित? ताटातूट की विरह?

प्रश्न : 'रोबोट ड्रीम्स' (२०२३) या अ‍ॅनिमेशनपटाबद्दल मराठीत लिहिताना दोन ठिकाणी अडायला होतं. त्यात एकही संवाद नाही, मग त्याला मूकपट म्हणावं का? आणि कुत्रा व यंत्रमानव या मित्रांचं जे होतं, त्याला विरह, वियोग, ताटातूट, दुरावा यांतला कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : मूकपट नको. तो शब्द 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाच्या (१९३१) आधीच्या, तंत्रामुळे मुक्या असलेल्या चित्रपटांचा. तिथे पात्रं बोलत, पण ऐकू येत नसे. बोलणं पाट्यांवर वाचायचं. इथे वर्दळ, पावलं, लाटा, गाणं, सगळं ऐकू येतं. पात्रंच बोलत नाहीत. 'निःशब्द'ही बसत नाही, कारण गाण्याला शब्द आहेत आणि किनारा बंद असल्याची पाटी तर कथेचा कणाच आहे. 'संवादहीन' व्याकरणाने चालेल, पण 'गुणहीन', 'दर्जाहीन'मुळे 'हीन'ला उणेपणाचा वास लागलाय. 'संवादविरहित' लिहा.

उत्तर : दुसऱ्या प्रश्नासाठी प्रसंग नीट बघा. पोहून आल्यावर यंत्रमानवाचे सांधे गंजून धरतात. तो वाळूवर पडून राहतो, कुत्र्याला तो उचलवत नाही आणि परत येईपर्यंत किनाऱ्याला कुलूप. दोघांच्याही मनात नसताना परिस्थितीने तोडलं, ही ताटातूट. मायलेकरांची गर्दीत होते तीच. 'दुरावा' इथे साफ चुकेल. तो मनात येतो, एका घरात राहूनही येतो. 'फारकत' तर ठरवून घेतात. 'वियोग' चालेल, पण बातमीत तो बहुधा मृत्यूसाठी येतो, वाचक दचकेल.

उत्तर : सहमत, पण 'विरह' इतक्या लवकर सोडू नका. ताटातूट ही घटना आहे, विरह ही अवस्था. 'हिवाळाभर ताटातूट चालली होती' असं कुणी म्हणत नाही. 'हिवाळा विरहात गेला' म्हणतात. यंत्रमानव पडल्या जागी घरी परतल्याची स्वप्नं पुन्हा पुन्हा बघतो, तो भाग विरहाचाच. प्रियकर-प्रेयसीपुरता हा शब्द कधीच नव्हता. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत तो जीव आणि विठ्ठल यांच्यामधला आहे.

प्रश्नकर्ता : आणि शेवट? दोघांनाही नवे सोबती मिळालेले. यंत्रमानवाला कुत्रा रस्त्यावर दिसतो, तरी तो हाक मारत नाही. ही ताटातूट नाही, विरहही नाही.

उत्तर : तिथे 'अंतरणे'. हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालतं : कुत्रा मित्राला अंतरला, किंवा कुत्र्याला मित्र अंतरला. कुणी कुणाला सोडलं हे त्यात सांगावंच लागत नाही, म्हणून या शेवटाला ते शोभतं. 'मुकणे' एकाच बाजूने चालतं : गमावणारा मुकतो, गमावलेला नाही. शिवाय संधीला, बढतीलाही मुकता येतं, त्यामुळे ते इथे कोरडं वाटेल. वापरलंच तर 'मु' ऱ्हस्व; 'मूक'मधला दीर्घ 'मू' त्याला लावू नका.