मदत हवी आहे: चीनमधील सासूबाईंचा रक्तदाब, कमी सोडियमचे मीठ आणि एक जुनी गोळी

लांबचा जावई

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा असून नोकरीनिमित्त गेली नऊ वर्षे चीनमधील सूचौ शहरात राहतो. पत्नी चिनी आहे. तिचे माहेर उत्तरेकडे, ल्याओनिंग प्रांतात त्येलिंग शहराजवळच्या एका खेड्यात असून सासरे वारल्यापासून सासूबाई तेथे एकट्याच राहतात. त्यांच्या प्रकृतीविषयी सल्ला हवा आहे. येथील डॉक्टरांचे शब्द मला समजतात, पण त्यामागचा तर्क हातातून निसटतो. म्हणून त्यांच्याकडे पुन्हा जाण्यापूर्वी विषय मातृभाषेत नीट समजून घ्यावा, असे वाटले.

सासूबाईंचा जन्म 1960 सालचा, म्हणजे चीनमधील 1959 ते 1961 या दुष्काळाच्या ऐन मधल्या वर्षातला. उंची 156 सेंटीमीटर, वजन 58 किलो, कमरेचा घेर 87 सेंटीमीटर. विडी-सिगारेटला त्यांनी कधी हात लावलेला नाही. सासरे मात्र शेवटपर्यंत दिवसाला दोन पाकिटे ओढत आणि हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद करून सगळे एकाच खोलीत, ‘कांग’ नावाच्या विटांच्या तापत्या ओट्यावर झोपत. स्वयंपाकाच्या चुलीचा धूर या ओट्याखालून फिरवून बाहेर काढलेला असतो. चुलीत मक्याची ताटे आणि कोळसा. गॅस आला तो अलीकडे. सासऱ्यांना मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू आला.

घरच्या यंत्रावर सासूबाईंचा रक्तदाब जुलैत 146/84 होता आणि जानेवारीत 164/90. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, 3.6 आणि उपाशीपोटी साखर 6.4 आहे. (येथील अहवाल मिलिमोलमध्ये असतात. आपल्याकडच्या मोजणीनुसार हे आकडे साधारण 139 आणि 115 होतील.) मूत्रपिंडाचा अहवाल ठीक आहे, असे त्या सांगतात.

आहाराविषयी काय सांगावे? हिवाळ्यात मोठ्या रांजणात कोबी खारवून आंबवतात, तो वसंत ऋतूपर्यंत पुरतो. सोयाबीनची खारट चटणी, ‘दाज्यांग’, तर वर्षभर ताटात असते. कांद्याची कच्ची पात तीत बुडवून त्या अशा चवीने खातात की बघणाऱ्यालाही भूक लागावी.

गावच्या दवाखान्यातून मिळणारी ‘शून्य क्रमांकाची’ रक्तदाबाची गोळी त्या घेतात, पण डोके जड वाटेल त्या दिवशीच. शिवाय शेजारणीने दिलेल्या ‘दानशन’ या वनौषधीच्या गोळ्या असतात. बंडीच्या खिशात भोपळ्याच्या आकाराची, अंगठ्याएवढी चिनी मातीची बाटली असते. तिच्यात छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्या आहेत. त्या एका बाटलीच्या भरवशावर त्या निर्धास्त आहेत.

कमी सोडियमचे मीठ येथील दुकानांत सहज मिळते. घरातले मीठ पुढच्या भेटीत गुपचूप बदलून टाकावे, असा आम्हा दोघांचा विचार आहे. तो योग्य आहे का? शिवाय, ज्या बाईने कधी धूम्रपान केले नाही आणि जी लठ्ठही नाही, तिच्या हृदयाची काळजी कितपत करावी?

नाडीपरीक्षा

आपण माहिती नेमकेपणाने दिली आहे, त्याबद्दल आभार. मी कोल्हापूरला फिजिशियन आहे. सासूबाईंना तपासलेले नसल्याने मी औषध सुचवणार नाही. काय विचारावे, एवढेच सांगू शकतो.

मीठ बदलण्यापूर्वी त्या शून्य क्रमांकाच्या गोळीत नेमकी कोणती द्रव्ये आहेत, ते कळवा. पाकिटाचे छायाचित्र मागवून घ्या. तोपर्यंत मिठाच्या डब्याला हात लावू नका.

दरम्यान, आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. चीनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याइतकेच, किंबहुना अधिक, भय पक्षाघाताचे आहे आणि त्यातही मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. त्यामागचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब. त्यामुळे आपण ‘हृदयाची काळजी’ असे लिहिले असले, तरी माझे लक्ष प्रथम 164 या आकड्याकडे गेले.

धूम्रपान न करणे ही जमेची बाजू खरीच. चायना कडूरी बायोबँक या पाहणीसाठी 2004 ते 2008 या काळात दहा प्रदेशांतील पाच लाखांहून अधिक प्रौढांची नोंद झाली. तीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया शंभरात जेमतेम दोन-तीन निघाल्या. पण धूर एकट्या सिगारेटचा नसतो. त्याच पाहणीतील सुमारे 2 लाख 71 हजार ग्रामीण लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोळसा-लाकडावर स्वयंपाक करणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे 20 टक्के अधिक आढळले, आणि इंधन बदललेल्यांत हा धोका कमी दिसला. आपल्या सासूबाईंनी चुलीचा धूर आणि पतीच्या सिगारेटचा धूर असे दोन्ही सोसले आहेत.

‘लठ्ठ नाहीत’ हेही पुन्हा तपासून पाहू. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 23.8 येतो. चिनी निकषानुसार 24 पासून पुढे वजन जास्त मानतात, म्हणजे त्या काठावर उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांसाठी कमरेची मर्यादा तेथे 85 सेंटीमीटर आहे आणि त्यांचा घेर 87 आहे. चिनी लोकांच्याच नोंदींवरून 2016 मध्ये तयार झालेले ‘चायना-पार’ हे दहा वर्षांचा धोका काढणारे गणित म्हणूनच कमरेचा घेर विचारते, आणि माणूस उत्तरेचा की दक्षिणेचा हेही विचारते. यांग्त्से नदीच्या उत्तरेला धोका अधिक धरला जातो. भारतीयांसाठीचे तक्ते त्यांना लावू नका.

दुष्काळात जन्मलेल्यांत पुढे रक्तदाब आणि मधुमेह अधिक दिसतो, असे बऱ्याच अभ्यासकांनी मांडले आहे. मात्र या तुलनेत दुष्काळात जन्मलेले लोक वयानेही मोठे असतात आणि वाढत्या वयाचा परिणाम त्यातून वेगळा काढणे कठीण जाते. त्यामुळे मी त्यावर फार भर देणार नाही. त्यापेक्षा गरोदरपणी रक्तदाब वाढला होता का आणि पाळी कोणत्या वयात गेली, हे पत्नीला विचारायला सांगा. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचे एलडीएल वाढते.

लांबचा जावई

डॉक्टर, मनःपूर्वक आभार. पाकिटाचे छायाचित्र आले. पत्नीने वाचून दाखवलेली द्रव्ये अशी: रेसर्पिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, डायहायड्रॅलझिन आणि ट्रायमटेरीन. पाळी पन्नाशीत गेली. गरोदरपणाविषयी विचारले, तेव्हा शेवटच्या दोन महिन्यांत पाय इतके सुजले होते की सासऱ्यांचे बूट घालावे लागले, असे त्या हसत म्हणाल्या. रक्तदाब कोणी मोजल्याचे त्यांना आठवत नाही.

नाडीपरीक्षा

शंका होती तीच गोष्ट निघाली. ट्रायमटेरीन हे लघवीवाटे पाणी काढून टाकणारे, पण पोटॅशियम शरीरात रोखून धरणारे औषध आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. दोन्हींचा एकत्र मारा झाला आणि मूत्रपिंड मंद असले, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गुपचूप मीठ बदलण्यात नेमका हाच धोका होता.

ते मीठ मात्र वाईट नाही, हेही सांगितले पाहिजे. उत्तर चीनमधील पाच प्रांतांतल्या 600 खेड्यांत 20,995 लोकांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या गावांना 75 टक्के सोडियम क्लोराइड व 25 टक्के पोटॅशियम क्लोराइडचे मीठ दिले होते. त्या प्रांतांत आपले ल्याओनिंगही होते आणि सहभागींत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. सुमारे पाच वर्षांत पक्षाघात 14 टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू 12 टक्क्यांनी कमी झाले. मात्र पोटॅशियम रोखणारी औषधे घेणाऱ्यांना आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या चाचणीत मुळातच घेतले नव्हते. तिचा निष्कर्ष सासूबाईंना आज जसाच्या तसा लागू होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) तपासा, मग तेथील डॉक्टरांना गोळी बदलता येईल का ते विचारा, आणि त्यांनी होकार दिल्यावरच मीठ बदला. गोळी कोणतीही असो, ती रोज घ्यावी लागते. रक्तदाब आहे की नाही हे जड डोक्यावरून ठरत नाही. 60 ते 80 वर्षे वयाच्या 8,511 चिनी रुग्णांवरील चाचणीत वरचा आकडा 130 च्या खाली ठेवलेल्या गटाला, तो 130 ते 150 दरम्यान ठेवलेल्या गटापेक्षा, हृदयविकार व पक्षाघात कमी झाले. तेव्हा ‘या वयात 150 चालतो’ असे कोणी म्हटल्यास नम्रपणे पुन्हा विचारा.

स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा, विषय निघाला, तर मात्रा कमी ठेवून सुरुवात करतील. रोसुव्हास्टॅटिनसारखे औषध पूर्व आशियाई लोकांच्या रक्तात अधिक प्रमाणात उतरते, त्यामुळे 5 मिलिग्रॅमपासून आरंभ करण्याची पद्धत आहे. डॉक्टर कंजूषपणा करत आहेत, असे समजू नका.

थोडे अवांतर: त्या गोळीतील रेसर्पिन म्हणजे आपल्याच सर्पगंधेच्या मुळातील द्रव्य. त्याने काहींचे नाक चोंदते, मन उदास होते. तसे काही आहे का, तेही विचारा.

पूर्वेकडची

मी ल्याओनिंगमधल्याच दाल्येन शहरात अकरा वर्षे आहे. दोन गोष्टी सुचवते. दानशनच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण वनौषधी हे ‘औषध’ नव्हेच, अशा समजुतीने इथल्या वयस्क बायका तिचा उल्लेखच करत नाहीत. पुढे कधी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध सुरू झाले, तर दानशनमुळे रक्तस्राव वाढू शकतो. शिवाय येथील काढ्यांत ज्येष्ठमध असतो. तो सतत घेतल्यास पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो.

दुसरी गोष्ट त्या भोपळ्याच्या बाटलीची. माझ्या सोसायटीतल्या एका काकूंना पहाटे पाठीत, जबड्यात कळ येऊन मळमळत होते. छातीत दुखत नाही म्हणजे हृदयाचे फारसे काही नसेल, असे समजून त्यांनी त्या गोळ्या दोनदा घेतल्या आणि उजाडेपर्यंत पडून राहिल्या. लेकीला उगाच कशाला उठवायचे, हा विचार होताच. झटका आला होता. त्या वाचल्या, पण आता जिना चढताना मध्ये थांबतात. चीनमध्ये ‘दोन 120’ लोकांना शिकवतात: 120 ला फोन करायचा आणि पहिल्या 120 मिनिटांत उपचार मिळवायचे. सासूबाईंच्या फोनवर 120 एका कळीवर लावून द्या. गोळी घेतली तरी फोन करायचाच, हे मुलीनेच सांगितलेले बरे. जावयाचे त्या ऐकून घेतील आणि हसतील.

लांबचा जावई

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पत्नी जाऊन आली. पोटॅशियम 4.4 निघाले, क्रिएटिनिनही ठीक आहे. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी जुनी गोळी बंद करून अम्लोडिपिन हे रक्तदाबाचे दुसरे औषध सुरू केले, महिन्याने पुन्हा रक्त तपासायला सांगितले आणि त्यानंतर मीठ बदलण्यास हरकत नाही, असे लिहून दिले. स्टॅटिनचा निर्णय त्यांनी पुढच्या तपासणीवर ठेवला आहे. नाक मात्र दोन वर्षे चोंदलेलेच होते; सासूबाई त्याचा दोष कोळशाला देत होत्या.

गोळी सकाळच्या लापशीच्या वाटीखाली ठेवायची, असे ठरले आहे. वाटी उचलली की ती दिसते. सात वाजता पत्नी व्हिडिओ कॉल करते आणि आई रिकामी वाटी उलटी करून दाखवते. मिठाचे सारे त्यांनी ऐकून घेतले. दाज्यांगचा विषय काढला, तेव्हा बरणी फ्रीजमध्ये मागे सरकवून म्हणाल्या, “ती माझ्यानंतर टाका.” सध्या बशीत एकच चमचा काढायचा, एवढ्यावर तह झाला आहे. तो चमचा केवढा असावा, यावर मायलेकींची बोलणी सुरू आहेत.